इतवारीचा माल आणि विजेची फोर्कलिफ्ट

गेल्या हंगामाच्या अखेरीस आमच्या कांहीं सभासदांनीं अशी सूचना आणली कीं, नागपुरास संघाचें जें गोदाम व्हावयाचें आहे, त्याकरितां माल उचलण्याची एक मोठी, विजेवर चालणारी फोर्कलिफ्ट भागभांडवलांतून खरेदी करावी. सूचना ऐकतांच सभेंत दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें, हमालीचा खर्च दरवर्षीं वाढत आहे, हंगामांत माणसें वेळेवर मिळत नाहींत, तेव्हां यंत्र घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. दुसरा पक्ष म्हणाला, ट्रॅक्टर घेऊन कर्जांत बुडालेले आपल्यांत थोडे आहेत काय, म्हणून आतां सर्वांनीं मिळून बुडावें? दोन्ही बोलण्यांत तथ्य होतें. शेवटीं प्रस्तुत लेखकानें इतवारी व कळमना येथें जाऊन प्रत्यक्ष पाहावें, जाणत्यांस विचारावें आणि मासिकांतून सभासदांपुढें हकीकत ठेवावी असें ठरलें. त्याप्रमाणें हा लेख लिहिला आहे.

इतवारी हें नांव रविवारच्या बाजारावरून पडलेलें. नागपुरांत बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी अशा आणखीहि वारांच्या वस्त्या आहेत. पण घाऊक व्यापाराची पेठ म्हणून इतवारीची ख्याति निराळी. किराणा, मिरची, धान्य, कापड, सराफी यांचीं दुकानें एकमेकांस खेटून, आणि बोळ असे कीं, समोरून भरलेला ठेला आला तर माणसानें दुकानाच्या पायरीवर चढून उभें राहावें. पेठेजवळच्या इतवारी स्थानकास आतां नेताजी सुभाषचंद्र बोस यांचें नांव जोडलें आहे. त्या स्थानकावर पूर्वीच्या बंगाल-नागपूर रेल्वेची रुंद लाईन आणि नागभीडकडे जाणारी अडीच फुटी अरुंद लाईन अशा दोन लाईनी भेटत. अरुंद लाईनीचा डबा रुंद रुळांवर चालत नाहीं. त्यामुळें पुढें जावयाच्या मालाचें पोतें न् पोतें एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत घालावें लागे, आणि तें काम हमालाच्या पाठीवरून होई. ती अरुंद लाईन २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठीं बंद झाली. धान्य, मिरची व संत्री यांचे मोठे लिलाव आतां कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू बाजार-आवारांत होतात. तरी इतवारींतील घाऊक दुकानें कायमच आहेत, आणि हमालाची पाठहि कायमच आहे.

प्रथम दिवशीं मीं एका गोदामासमोर सोयाबीनचा ट्रक रिकामा होतांना पाहिला. १५ टन माल, म्हणजे ५० किलोंचीं ३०० पोतीं. सहा हमाल होते. दोघे ट्रकांत उभे राहून पोतें दुसऱ्याच्या पाठीवर देत, चौघे तें आंत नेऊन थप्पी लावीत. दीड तासांत ट्रक मोकळा झाला. मी मनाशीं विचार केला, येथें आपण म्हणतों ती तीन टनांची फोर्कलिफ्ट उभी असती तर तिनें काय उचललें असतें? उत्तर असें कीं, कांहींच नाहीं! ट्रकांत पोतीं सुटीं भरलेलीं. सुट्या पोत्याखालीं कांटे जात नाहींत. यंत्र उभें राहिलें असतें आणि हमालांनींच पोतीं रचून त्यापुढें ठेवलीं असतीं.

यंत्राच्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा सांगत नाहींत, म्हणून ती येथें आधीं सांगितली. फोर्कलिफ्ट ही एकटी वस्तु नव्हे. तिच्याबरोबर पॅलेटें, म्हणजे फळ्यांच्या दुहेरी चौकटी, शेंकड्यांनीं घ्याव्या लागतात. आपल्या गोदामांत ओल लागूं नये म्हणून थप्पीखालीं जे लाकडी क्रेट अंथरतात त्यांचाच हा सुधारलेला प्रकार समजावा. १२०० मि.मी. लांब व १००० मि.मी. रुंद अशा पॅलेटावर एका थरांत पांच याप्रमाणें सहा थर, म्हणजे ३० पोतीं, दीड टन माल बसतो. पोतें एकदां पॅलेटावर चढलें कीं पुढें विकेपर्यंत त्यास हात लावावयास नको, तरच यंत्राचा फायदा. गांवच्या संकलन-केंद्रावरच पॅलेटें भरून ट्रक नागपुरास यावा. मग तोच १५ टनांचा ट्रक १० फेऱ्यांत अर्ध्या तासाच्या आंत रिकामा होतो. आपल्या सभासदांस ही शिस्त पाळणें शक्य आहे काय, ह्याचें उत्तर आधीं द्यावें. यंत्राची निवड नंतर. हें साधत नसेल तर सरकता पट्टा आणि दोन-चार हात-पॅलेट गाड्या घेऊन थांबावें, त्यांत कमीपणा नाहीं. इतवारीच्या बोळांतील जुन्या गाळ्यांत तर तेवढेंच शोभतें. तेथें मोठी फोर्कलिफ्ट नेणें म्हणजे माजघरांत गाडी जुंपण्यासारखें आहे.

विजेवर ओझीं वाहण्याची युक्ति नवी नाहीं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया रेल्वेनें १९०६ सालीं आल्टुना येथें सामानाच्या गाड्या बॅटरीवर चालविल्या. पुढें १९१७ सालीं क्लार्क कंपनीनें आपल्याच कारखान्यांतील वाहतुकीसाठीं एक गाडें बनविलें; पाहावयास आलेल्या लोकांनीं तेंच आम्हांस विकत द्या म्हणून तगादा लावला, आणि धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धांत पॅलेट व फोर्कलिफ्ट ही जोडी सर्व जगभर पसरली. आपल्या देशांत गोदरेज व व्होल्टास यांनीं हीं यंत्रें बनविण्यास सुरुवात केली त्यासहि आतां बरींच दशकें लोटलीं. म्हणजे आपण अगदींच नवख्या वस्तूच्या मागें लागलों आहों असें नाहीं.

आतां ‘तीन टनांची’ म्हणजे काय, तें पाहूं. ह्या एका शब्दानें जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशानेंहि फसत नसतील. बैलगाडींत मागें ओझें जास्त झालें कीं गाडी उलाळ होते, हें लहान पोरहि जाणतें. फोर्कलिफ्ट ही उलट दिशेनें उलाळ होणारी गाडी आहे. पुढचा आंस हा तिचा टेकू. पुढें कांट्यांवर माल, मागें लोखंडाचें व बॅटरीचें वजन. म्हणून किती वजन उचलेल हें नुसत्या वजनावर नसून तें वजन आंसापासून किती दूर आहे ह्यावर ठरतें. तीन टनांचा आंकडा बहुधा मालाचा मध्य कांट्यांच्या उभ्या पाठीपासून ५०० मि.मी. वर आहे असें धरून दिलेला असतो. आंसापासून कांट्यांच्या पाठीपर्यंत ४८० मि.मी. धरा. एकूण ९८०. ह्यास ३००० नें गुणलें म्हणजे २९,४०,००० झाले. आपलें १२०० मि.मी. चें पॅलेट लांबीच्या बाजूनें उचललें तर मध्य ६०० वर जातो, एकूण १०८०; भागून पाहा, यंत्र २७२० किलोंवर आलें. ठिबकाच्या नळ्यांचा आठ फुटी गठ्ठा आडवा न धरतां लांबट धरला तर मध्य १२०० वर, आणि तेंच ‘तीन टनी’ यंत्र १७५० किलोंचें झालें! ह्यांत उंची धरलेलीच नाहीं. माल चार-साडेचार मीटरांच्या वर नेला कीं शक्ति आणखी उतरते. कापसाच्या गांठी धरण्याचा चिमटा बसविला तर त्या चिमट्याचें स्वतःचें वजन आणि पुढें सरकलेला माल, दोन्ही वजा होतात. १७० किलोंच्या सहा गांठींस यंत्र पुरतें, पण तीन टनांच्या भ्रमांत राहूं नये.

हें मी पुस्तकी सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका ओळखीच्या गोदामांत भाड्यानें आणलेली फोर्कलिफ्ट चालतांना मी उभा होतों. विक्रेत्याच्या माणसानें ‘अडीच टन बेलाशक उचला’ म्हणून सांगितलें होतें. चालकानें सव्वादोन टनांचें पॅलेट तिसऱ्या थरावर ठेवण्यासाठीं वर नेलें, आणि कांटे पुढें कलवतांच मागचीं चाकें वीतभर जमीन सोडून उचललीं. चालक शहाणा; त्यानें उडी मारली नाहीं, कांटे सावकाश खालीं घेतले. पण वरचीं चार पोतीं निसटून, जेथें क्षणापूर्वीं एक हमाल उभा होता तेथें येऊन पडलीं. नंतर आम्हीं यंत्रावरची पत्र्याची पाटी पुसून वाचली. त्या उंचीवर तिची शक्ति १६०० किलो लिहिलेली होती. पाटी होती, कोणी वाचली नव्हती. तेव्हांपासून माझें मत असें कीं, आपला सर्वांत जड माल, त्याची लांबी आणि सर्वांत वरच्या थरांची उंची हे तीन आंकडे विक्रेत्यास आपण लेखी द्यावे आणि त्या ठिकाणीं यंत्र किती उचलील हें त्याच्याकडून लेखी घ्यावें. जो लिहून देण्यास कचरतो त्याच्याकडे पुन्हा जाऊं नये.

दुसरी गोष्ट जमिनीची. तीन टनांची विजेची फोर्कलिफ्ट स्वतः सुमारें पांच टनांची असते. भरलेली असतांना आठ टन, आणि त्यांतील सात टनांच्या आसपास भार पुढच्या दोन चाकांवर! जुन्या गोदामांतील फरशी, तिच्याखालीं मुरूम, कोठें तळघर. अशा जमिनीवर हें यंत्र चालविणें म्हणजे फरशी फोडण्याचा ठेका देणें होय. संघाचें गोदाम नवें व्हावयाचें असल्यानें काँक्रीटची जाडी ठरवितांनाच स्थापत्यकारास हे आंकडे सांगतां येतील. रस्ताहि मोकळा हवा. चार चाकांच्या तीन टनी यंत्रास वळून पॅलेट ठेवावयास चार मीटरांच्या आसपास वाट लागते. तीन चाकांचें दीड-दोन टनी यंत्र साडेतीन मीटरांत वळतें. अर्ध्या मीटराचा फरक लहान दिसतो. पण पांच वाटांच्या गोदामांत त्यांतून अडीच मीटर रुंदीची सबंध जागा थप्पीस मिळते. आवारांत खडी, खड्डे व पावसाचें पाणी असल्यानें भरीव पण हवेच्या टायरासारखे रुंद टायर घ्यावे, गुळगुळीत फरशीचे लहान टायर येथें रुततात. आणि मोटारी व विजेचे जोड पाण्याच्या शिंतोड्यांपासून बंद आहेत कीं नाहींत तें झांकण उघडून पाहावें.

डिझेलचें यंत्र आवारांत दणकट, ह्यांत शंका नाहीं. मग विजेचेंच कां? आमच्या सभासदांपैकीं निम्मे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी ह्या संत्र्यांच्या पट्ट्यांतले आहेत. इंजिनाच्या धुरांत इथिलीन वायूचा अंश असतो, आणि हा तोच वायु कीं जो फळें पिकविण्याकरितां मुद्दाम वापरतात. बंद कोठारांत धूर सोडणारें गाडें फिरविलें तर संत्र्याची साल वेळेआधीं रंग बदलते, देंठाजवळची टिकली सुकून गळते, आणि तेथून सड शिरते. शिवाय धुराचा वास धान्यास व मिरचीस लागतो. शीतगृहाचा विचार पुढेंमागें करावयाचा असेल तर विजेच्या यंत्रास पर्याय नाहीं.

बॅटरीविषयीं मात्र घाई करूं नये, कारण यंत्राच्या किंमतीचा मोठा भाग तोच. दोन जाती प्रचारांत आहेत. जुनी शिसें-आम्लाची: स्वस्त, ठाऊक असलेली, दुरुस्त करणारा मिळतो. आठ तास चालवा, आठ तास चार्ज करा, आठ तास निवूं द्या, असा तिचा दिनक्रम आहे; म्हणून हंगामांत दोन पाळ्या चालवावयाच्या तर दुसरी बॅटरी आणि ती उचलण्याची सोय लागते. शेंकडा ८० पेक्षां अधिक रिती करूं नये. शुद्ध केलेलें पाणी चार्ज झाल्यावर घालावें, आधीं घातल्यास आम्ल उतूं जातें. चार्ज होतांना हायड्रोजन निघतो. हवेंत तो शेंकडा ४ झाला कीं एका ठिणगीनें भडकतो, म्हणून चार्जिंगची खोली उघड्या झरोक्यांची आणि बारदानापासून दूर असावी. नीट राखल्यास ही बॅटरी दीड हजार वेळां भरतां येते. दुसरी लिथियमची: महाग, पण पाणी नको, वायु नाहीं, जेवणाच्या सुट्टींत तासभर लावली तरी चालते, आणि तीन हजार वेळां किंवा त्याहून अधिक भरतां येते.

येथवर ऐकून कोणीहि लिथियमकडे झुकेल. पण दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. ८० व्होल्ट, ६०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४८ युनिटें. ती रात्रभरांत भरावयाची तर सात-आठ किलोवॅटची जोडणी पुरते. दीड तासांत भरावयाची तर ३५ किलोवॅटच्या वर जोडणी लागते, आणि मंजूर भार वाढला कीं यंत्र उभें असलें तरी बिलांतील स्थिर आकार दरमहा येत राहतो. दुसरी अडचण, शिशाच्या बॅटरीचें दीड टनाचें वजन हेंच यंत्राच्या मागच्या तोलाचा भाग असतें. कोणी जुन्या यंत्रांत हलकी लिथियम बसवून देतों म्हणाला तर उरलेल्या वजनाचें लोखंड कोठें बसविणार, हें प्रथम विचारावें.

नागपूरच्या उन्हाचा विचार बाहेरच्या विक्रेत्यास सुचत नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या छपराखालीं त्याहूनहि अधिक. बॅटरीचें तपमान दहा अंशांनीं कायमचें वाढलें तर तिचें आयुष्य सुमारें निम्मे होतें असा ठोकताळा आहे, आणि तो दोन्ही जातींस थोड्याफार फरकानें लागू पडतो. म्हणून चार्जिंग रात्रीं, मोकळ्या हवेंत. यंत्राची परीक्षा मात्र दुपारीं दोन वाजतां, आपल्याच आवारांत, आपलेंच पॅलेट उचलून घ्यावी.

आतां आपल्या धंद्याचें खरें रूप पाहा. ऑक्टोबरांत सोयाबीन, त्याबरोबर आंबिया बहाराचीं संत्रीं, मग कापूस, फेब्रुवारीपासून तूर, हरभरा, गहूं, मिरची व मृग बहार. एप्रिलपर्यंत यंत्रास उसंत नाहीं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तें कोपऱ्यांत उभें. कारखान्याचें यंत्र बारा महिने सारखें चालतें. आपलें तसें नव्हे. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली तर पावसाळ्यांतच खडे धरून मरते. दरमहा एकदां पूर्ण भरणें आवश्यक. लिथियम अर्धी भरून ठेवली तर स्वस्थ राहते. ज्या गोदामांत पावसाळ्यांत एक म्हातारा राखणदारच असतो, तेथें माझा कौल ह्या एका कारणास्तव लिथियमकडे आहे, भाव जास्त असूनहि.

खर्चाचा हिशेब ढोबळ मांडतों. दर ज्यानें त्यानें आपल्या बिलांतले घालावे. तीन टनी यंत्र कामाच्या तासास सहा युनिटें घेतें असें धरूं. चार्जरची तूट धरून मीटरवर आठ. तसेंच डिझेलचें यंत्र तासास तीन लिटर. वर्षास १००० तास चाललें, वीज १० रुपये युनिट व डिझेल ९० रुपये लिटर धरलें, तर विजेचे ८० हजार, डिझेलचे २ लाख ७० हजार. बचत १ लाख ९० हजार. हीच बचत २०० तासांवर ३८ हजार उरते, आणि तेवढ्यांत महाग बॅटरीचें व्याजहि सुटत नाहीं. आमच्या गोदामांत पहिल्या वर्षीं जो माल येईल असा अंदाज आहे, त्यावरून मीं तास मोजले. ते ४०० च्या वर जात नाहींत. म्हणून पहिला हंगाम यंत्र भाड्यानें घेऊन तासांची वही ठेवावी, आणि खरेदी करावयाची झाल्यास तीन टनांऐवजीं दोन टनी यंत्रापासून आरंभ करावा, असें माझें मत झालें आहे. आपलें पॅलेट दीड टनाचें. त्यास तीन टनी यंत्र हवें हा हट्ट मला समजत नाहीं. ‘हेवी ड्यूटी’ हा शब्द वजनास लावतात तसाच तासांसहि लावतात. आपल्यास दणकट बॅटरी हवी, मोठे कांटे नव्हेत.

हमालांविषयीं लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याअन्वयें मंडळें, नोंदणी व निर्वाहनिधीसारख्या सोयी आल्या. यंत्र आणलें म्हणून त्या जबाबदारींतून कोणी सुटत नाहीं, आणि सुटावें असें मलाहि वाटत नाहीं. मीं त्या गोदामांतील वयस्क हमालास विचारलें, “मामा, यंत्र आलें तर तुमचें कसें होईल?” तो थप्पीस टेकून बसला होता. म्हणाला, “पोतीं पॅलेटावर रचणार कोण? वांकडीं रचलीं तर वरून पडतील. रचणारा आमच्यांतलाच ठेवा, चालविणाराहि आमच्यांतलाच शिकवा. माझे गुडघे गेले, पोराचे जाऊं नयेत.” थप्पी कशी बांधावी, पोत्याचें तोंड आंत कसें घ्यावें, हें ज्ञान त्याच्या हातांत आहे, चालविण्याचें शिक्षण महिनाभरांत देतां येतें. दोन तरुण हमालांस पगारी चालक म्हणून शिकवावें, आणि त्या दोघांवांचून कोणासहि, सभासदालासुद्धां, किल्ली देऊं नये, अशी सूचना मी समितीपुढें ठेवीत आहें.

भाड्याच्या यंत्राची चौकशी गणेशोत्सवापूर्वींच करावी लागेल. दसऱ्यानंतर सोयाबीन सुरू झालें कीं नागपुरांत भाड्याचें चांगलें यंत्र मोकळें सांपडणें कठीण, आणि पॅलेटें बनवून घेण्यास सुतारासहि दोन महिने हवेत.